घरी येतं, क्लासमध्ये अडतं : एका सोनाटाच्या चार बारांचं प्रकरण

विद्यार्थिनी प्रौढ, नोकरी करणारी. पियानो शिकायला लागून तीन वर्षं झालेली. आधीचे शिक्षक दुसरीकडे राहायला गेले म्हणून माझ्याकडे आली. येताना मोझार्टच्या सी मेजर सोनाटाची (के. ५४५, हा त्याच्या रचनांच्या कोखेल सूचीतला क्रमांक) पहिली मूव्हमेंट, म्हणजे पहिला भाग, अर्धीमुर्धी बसवलेली होती. वाचन चांगलं, कान तयार, ठेका बऱ्यापैकी पक्का आणि रोजचा तासभर सराव सहसा न चुकणारा. अडचण एकाच जागेची होती. बार म्हणजे लिहिलेल्या संगीतात उभ्या रेषांनी पाडलेला एकेक कप्पा. पाचव्या बारपासून उजव्या हातात स्केलचे, म्हणजे ओळीने चढत-उतरत जाणाऱ्या सुरांचे, चार बार सुरू होतात, तिथे ती अडखळायची. तेही क्लासमध्ये.

"मॅडम, घरी अगदी व्यवस्थित येतं हो."

पियानो शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं. मी ते कधीच सबब म्हणून घेत नाही, कारण सांगणाऱ्याला ते मनापासून खरं वाटत असतं. मग घरी 'येतं' म्हणजे नेमकं काय होतं, हे शोधायला लागलं पाहिजे. या प्रकरणात तो शोध बोटांच्या एका अदलाबदलीपर्यंत गेला आणि त्या वाटेवर सराव कसा करावा, शिक्षकाकडून काय घ्यावं याबद्दल जे हाती लागलं, ते इतर शिकणाऱ्यांच्याही उपयोगाचं आहे असं मला वाटतं.

आधी त्या जागेविषयी. मोझार्टने हा सोनाटा २६ जून १७८८ रोजी आपल्या रचनांच्या यादीत नोंदवताना तो नवशिक्यांसाठी असल्याचं लिहिलं आहे. या नोंदीने अनेकांना विनाकारण कमीपणा वाटतो. नवशिक्यांचा सोनाटा, आणि मला चार बार येऊ नयेत? प्रत्यक्षात हे संगीत इतकं उघडं आहे की एक सूर जरी कमीजास्त दाबला गेला तरी लगेच ऐकू येतो. पेडलच्या किंवा भरगच्च कॉर्ड्सच्या आड लपायला जागा नाही. शिवाय ते चारही बार निव्वळ पांढऱ्या पट्ट्यांवरचे आहेत. सगळ्या पांढऱ्या पट्ट्या म्हणजे सोपं, असं कागदावर वाटतं. हाताला तसं वाटत नाही. शोपाँ आपल्या विद्यार्थ्यांना सी मेजरऐवजी बी मेजर स्केलपासून सुरुवात करायला लावायचा, कारण तिथे लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर आपसूक विसावतात आणि अंगठ्याला खालून जायला मोकळी जागा मिळते. सपाट पांढऱ्या पट्ट्यांवर अंगठ्याला ती सोय नसते.

पांढऱ्या पट्ट्यांच्या सुरांची नावं ए, बी, सी, डी, ई, एफ, जी अशी, आणि जी नंतर पुन्हा ए. पाचवा बार ए या सुरावर सुरू होतो, सप्तकभर वर जाऊन पुन्हा त्याच ए वर उतरतो. सहावा बार जी पासून, सातवा एफ पासून, आठवा ई पासून. चारही बारांची घडण एकसारखी, दर वेळी एक पायरी खाली. तिचा अडखळा ऐकू यायचा तो सहाव्या बारच्या पहिल्या सुरावर. कधी तो जी उशिरा यायचा, कधी दणकन यायचा, कधी शेजारची पट्टी लागायची. सातव्या बारच्या सुरुवातीलाही तेच. आठव्यापर्यंत हात घट्ट झालेला असायचा.

तिची स्वतःची निदानं

तिच्याकडे तीन कारणं तयार होती आणि मी ती तिन्ही गंभीरपणे घेतली.

पहिलं कारण, भीती. शिक्षकांसमोर हात थंड पडतात. हे काही अंशी खरंच होतं. पण भीतीने होणारी चूक जागा बदलत राहते. आज इथे, उद्या तिथे. हिची चूक दर आठवड्याला त्याच बाररेषेवर व्हायची.

दुसरं कारण, वाद्य. तिच्या घरी डिजिटल पियानो, माझ्याकडे खरा ॲकूस्टिक. यातही तथ्य होतं. ॲकूस्टिक पियानोची पट्टी साधारण १० मिलिमीटर खाली जाते आणि ती हलवायला सुमारे ५० ग्रॅमचा भार लागतो. चांगल्या डिजिटलमध्ये हे आकडे जवळपास तेवढेच ठेवलेले असतात, तरी हातोडीचा झोका आणि पट्टी परत वर येण्याची जाणीव वेगळी असते. त्याने सुरांचा सारखेपणा बिघडू शकतो. पण मग तो सगळीकडेच बिघडला असता.

तिसरं कारण, बोटं कमकुवत आहेत. यासाठी ती रोज पंधरा-वीस मिनिटं बोटांचे व्यायाम करायची, त्या तासातूनच. व्यायाम उत्तम यायचे. चार बार होते तिथेच होते.

मी तिला एकच काम सांगितलं. रोज पियानोसमोर बसल्यावर काहीही आधी न वाजवता पहिल्या बारपासून बाराव्यापर्यंत एकदाच वाजवायचं आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचं. मग हवा तेवढा सराव. पुढच्या आठवड्यात ती आली तेव्हा मी काही बोलण्याआधी तिनेच सांगितलं, "मॅडम, घरीही येत नाही. पहिल्यांदा वाजवताना रोज अडतं."

क्लासमध्ये तिला मिळायची ती ही पहिलीच खेप. घरी तिच्या मनात राहायची ती शेवटची, पंचवीस-तीस आवर्तनांनंतरची. त्या वेळी हात नुकताच तिथून गेलेला असतो, त्यामुळे सूर हाती लागतात. रात्रभरात ते ओसरतं. म्हणून रोजची पहिली खेप हेच आपण खरंच काय शिकलो याचं माप धरावं, असं माझं ठाम मत आहे. ते माप ऐकायला नकोसं वाटतं. पण मैफिलीत, परीक्षेत किंवा कुणाच्या घरी सहज वाजवायला सांगितलं तर तीच एक खेप मिळते.

क्लासमध्ये सराव

पुढच्या क्लासला मी तिला वाजवून दाखवायला सांगितलं नाही. "तुम्ही घरी बसल्यावर जे करता, ते इथे करा. मी बोलणार नाही," एवढंच म्हटलं. सुरुवातीला ती संकोचली. काही मिनिटांत विसरली आणि नेहमीचा सराव सुरू झाला.

ती पहिल्या बारपासून निघायची. सहाव्याच्या तोंडाशी अडखळली की थांबायची, जी पुन्हा एकदा बरोबर दाबायची आणि मग परत पहिल्या बारवर जायची. पुन्हा तिथेच. पुन्हा पहिल्यापासून. या पद्धतीत सर्वांत जास्त सराव कशाचा होतो? पहिल्या चार बारांचा, जे तिला आधीपासून येत होते. आणि त्या खालोखाल अडखळण्याचा. 'डी-सी-बी-ए, थांबा, जी' ही हालचाल तिचा हात इमानेइतबारे पाठ करत होता. नंतर तिने मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र, लावला. मिनिटाला ६० ठोक्यांवर स्वच्छ. ७२ वर स्वच्छ. ८४ वर जरा ताणलेलं. ९६ वर तोच अडखळा. मग पुन्हा ६० वर. तिला वाटायचं की हळू येतंय म्हणजे बरोबर येतंय, फक्त वेग वाढवायचा राहिलाय.

मी तिच्या शेजारी, उजव्या कोपराच्या बाजूला बसले होते. समोरून ऐकताना जे कळलं नसतं ते तिथून दिसलं.

पियानोत बोटं अंगठ्यापासून मोजतात, अंगठा पहिलं आणि करंगळी पाचवं. वर जाताना तिची बोटं नीट पडायची: अंगठा ए वर, दुसरं बी वर, तिसरं सी वर, मग अंगठा खालून डी वर आणि पुढे करंगळीपर्यंत. उतरताना करंगळीपासून अंगठ्यापर्यंत आली की अंगठा डी वर असतो आणि अजून तीन सूर उरतात: सी, बी, ए. इथे तिचं तिसरं बोट अंगठ्यावरून जायचं. तीन-दोन-एक. म्हणजे शेवटचा ए अंगठ्यावर. आणि पुढच्या बारचा पहिला सूर जी, त्याच्याच डावीकडचा, त्यावरही अंगठाच हवा, कारण पुढची चढण अंगठ्यापासून सुरू होते. एकच अंगठा सलग दोन सुरांवर. तो उचलून सरकवल्याशिवाय गत्यंतर नाही.

तिथे तिसऱ्याऐवजी चौथं बोट गेलं, तर सी-बी-ए हे चार-तीन-दोन असे पडतात आणि अंगठा जी साठी मोकळा राहतो. बस्स, एवढंच.

चूक ऐकू येत होती सहाव्या बारच्या पहिल्या सुरावर. ती घडत होती त्याच्या तीन सूर आधी. ऐकू येणाऱ्या जागेवर कितीही घासलं तरी ती सुटणार नव्हती. पियानोवरच्या बहुतेक चिवट चुका अशाच असतात. विहिरीचं पाणी गढूळ आलं म्हणून पोहरा घासण्यासारखं ते होतं.

मेट्रोनोमचं कोडंही इथेच उलगडतं आणि या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच आहे. ६० च्या वेगाला अंगठा ए वरून उचलून जी वर ठेवायला भरपूर वेळ मिळतो. कानाला काही जाणवत नाही. ९६ ला तो वेळ उरत नाही. संथ सरावाने तिची चूक झाकली होती, आणि रोज पायरी-पायरीने वर चढताना ती चूक सोबत चढत होती. 'हळू वाजवा' हा सल्ला प्रत्येक शिक्षक देतो, मीही देते. पण हळू वाजवताना हाताच्या हालचाली जलद वाजवतानाच्याच असल्या पाहिजेत, तीच बोटं, तसंच मनगट. नाहीतर आपण एका वेगळ्याच तुकड्याचा सराव करत असतो. म्हणून मी अधूनमधून चार-पाच सुरांचा लहानसा भाग थेट पूर्ण वेगात वाजवून बघायला सांगते. तो साधला नाही तर हालचालीतच खोट आहे आणि ती आधी शोधायला हवी.

सुधारणा

कामाला आम्ही फक्त पाच सूर घेतले: डी, सी, बी, ए आणि बाररेषेपलीकडचा जी. एक-चार-तीन-दोन-एक. बाररेषा ओलांडणं महत्त्वाचं, कारण जोड तिथेच होता. आधी संथ, लगेच जलद, मग थांबून हात मांडीवर. पुन्हा. मग मागे एकेक सूर जोडत करंगळीपर्यंत. पुस्तकात तिने पेन्सिलने फक्त सी वर ४ आकडा लिहिला. सगळ्या सुरांवर बोटांचे आकडे लिहिले की डोळे त्यातलं काहीच वाचत नाहीत.

घरासाठी अट अशी होती: हा तुकडा सलग वीस मिनिटं घोटायचा नाही. तासाच्या सुरुवातीला काही मिनिटं, मध्ये दुसरं काम करून परत, उठण्यापूर्वी पुन्हा. दर वेळी थोडं विसरलेलं असतं आणि ते आठवून काढावं लागतं. त्या कष्टानेच ते टिकतं. तिला ही पद्धत पहिल्या आठवड्यात आवडली नाही. सलग घोटल्यावर जे समाधान मिळायचं ते मिळत नव्हतं. मी तिला रोजच्या पहिल्या खेपेची ध्वनिमुद्रणं ऐकायला सांगितली आणि त्यांनी तिची समजूत घातली.

दुसरी अट: अडखळल्यावर लगेच दुरुस्त करून पुढे जायचं नाही आणि पहिल्यापासूनही सुरू करायचं नाही. हात थांबवायचा आणि स्वतःला विचारायचं, काय बिघडलं? कोणतं बोट, कोणता सूर, त्याच्या आधी काय होतं? उत्तर मिळाल्याशिवाय पट्टीला हात नाही.

या दुसऱ्या अटीला संशोधनाचा आधार आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी पियानोच्या १७ प्रगत विद्यार्थ्यांना शोस्ताकोविचच्या पहिल्या पियानो कॉन्चेर्टोतला तीन बारांचा उतारा सरावाला दिला आणि दुसऱ्या दिवशी वाजवायला लावला. कुणी किती वेळ सराव केला, किती वेळा वाजवलं, याचा दुसऱ्या दिवशीच्या वादनाशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो चुकीच्या आवर्तनांशी. सर्वोत्तम ठरलेल्यांच्याही चुका सुरुवातीला होत होत्या, पण ते चूक नेमकी कुठे आहे ते हेरायचे, वेग कमी करून तीच जागा सोडवायचे आणि तीच चूक पुन्हा होऊ द्यायचे नाहीत. माझ्या विद्यार्थिनीचा तासभराचा सराव कमी नव्हता. त्यातली चुकीची आवर्तनं जास्त होती.

चार-पाच आठवड्यांत ते चार बार १०४ वर स्थिर झाले. पहिल्या खेपेला.

दोन शिक्षक, दोन सूचना

मधल्या काळात एक वेगळा गुंता वर आला. मी तिला सांगत होते की बोटं पट्टीच्या जवळ ठेवा, उगाच उंच उचलू नका. ती मान हलवायची आणि घरी जाऊन बोटं उंच उचलायची. विचारल्यावर तिने चाचरत सांगितलं, "आधीच्या सरांनी बोटं उंच उचलायला सांगितलं होतं. त्यांचं चूक म्हणायचं का?"

शिकणाऱ्याची ही कोंडी मी अनेकदा पाहिली आहे. गुरू बदलला की जुन्याशी बेइमानी केल्यासारखं वाटतं, म्हणून दोघांचं थोडं थोडं पाळलं जातं आणि हातात दोन्हींपैकी काहीच धड राहत नाही. आता व्हिडिओंमधून शिकवणारेही त्यात भर घालतात, आणि त्यांना तर समोरचा हात दिसतही नसतो.

मी तिला विचारलं की सरांनी ते कधी सांगितलं होतं. पहिल्या वर्षी, असं कळलं. तेव्हा तिची चौथी-पाचवी बोटं एकमेकांना चिकटून हलायची, सूर एकमेकांत मिसळायचे. त्या अवस्थेत संथ वेगाला बोटं उचलून वाजवायला लावणं अगदी योग्य होतं. त्या सूचनेने तिची बोटं सुटी झाली आणि आज मी त्यावरच काम करत होते. आता वेगात तीच उंची म्हणजे प्रत्येक सुरासाठी जास्तीचं अंतर. सूचना चुकीची नव्हती, तिचं काम पूर्ण झालं होतं. हे ऐकल्यावर तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला, आणि हातातलाही बराच.

शिक्षकाची सूचना कानावर पडली की तिच्यासोबत दोन गोष्टी विचारून घ्याव्यात असं मी सगळ्यांनाच सांगते. हे कशासाठी? आणि मी ते बरोबर करतेय हे घरी मला कसं कळेल? दुसरा प्रश्न फार थोडे विद्यार्थी विचारतात. शिक्षकाला त्याचं उत्तर देता आलं पाहिजे, आणि देताना कधीकधी शिक्षकालाच आपली सूचना जास्त नेमकी करावी लागते. उद्धटपणा वाटेल म्हणून प्रश्न गिळू नयेत.

वहीचा उपयोगही याच काळात झाला. क्लास संपल्यावर ती आपल्याला काय समजलं ते स्वतःच्या शब्दांत लिहून मला दाखवायची. पहिल्याच पानावर होतं, 'मनगट खाली ठेवायचं.' मी म्हटलं होतं, मनगट सैल ठेवा. सैल करायला गेल्यावर तिचं मनगट खाली पडलं होतं, तेव्हा मी पुढच्या बारकडे बघत होते, आणि तिने जे शरीराला जाणवलं ते लिहिलं. वही नसती तर आठवडाभर तिने पडलेल्या मनगटाने सराव केला असता. त्याच पानावर एकूण आठ सूचना होत्या. त्यातल्या कोणत्या दोन या आठवड्यात पाळायच्या, हे मी तिथेच ठरवून दिलं. बाकीच्या पुढे ढकलल्या.

पुनरागमनातला कस

या मूव्हमेंटमध्ये मुख्य विषय परत येतो तेव्हा तो सी मेजरमध्ये येत नाही. ४२व्या बारला तो एफ मेजरमध्ये, म्हणजे वेगळ्या आधारसुरावर, येतो. त्या काळच्या सोनाटांत ही वाट विरळा आहे. शिकणाऱ्यासाठी तिचा अर्थ असा की तेच स्केलचे बार आता डी, सी, बी फ्लॅट, ए या सुरांपासून सुरू होतात आणि त्यात बी फ्लॅट ही एक काळी पट्टी आहे.

मी तिला तिथलं फिंगरिंग, म्हणजे कोणत्या सुरावर कोणतं बोट, मुद्दाम दिलं नाही. "तुम्ही काढा, आणि का काढलं ते सांगा," एवढंच काम.

पुढच्या क्लासला ती पेन्सिलच्या खुणा घेऊन आली. पहिला स्केल डी पासूनचा, त्याच्या उतरणीला तिने चौथं बोट लिहिलं होतं, आधीच्यासारखंच. दुसरा स्केल सी पासूनचा. तिथे तिने तिसरं बोट लिहिलं होतं. तेच तिसरं, ज्याने पाचव्या बारमध्ये सगळा घोळ केला होता.

"इथे तीन का?"

"पुढचा बार बी फ्लॅटवर सुरू होतो, मॅडम. काळ्या पट्टीवर अंगठा नको वाटला, दुसरं बोट हवं. दुसरं बोट अंगठ्यावरून जायला तर अंगठा शेवटच्या सी वर असायला पाहिजे. म्हणून मागे मोजत आले, तर एफ वरच्या अंगठ्यावरून तिसरंच जातं."

मग बी फ्लॅटचा स्केल तिने दुसऱ्या बोटापासून काढला होता, त्याच्या लगेच पुढच्या सी वर अंगठा. उतरतानाही बी फ्लॅटवर दुसरंच बोट, आणि पुढचा ए अंगठ्याला मोकळा.

मी ते वाजवून पाहिलं. बदलण्यासारखं काही नव्हतं. चार हा आकडा पाठ करून ती आली असती तर इथे अडली असती. तिने घेतलं होतं ते पुढच्या बारचा पहिला सूर आधी बघणं.

अजून सगळं सुटलेलं नाही. २५व्या बारमधली ट्रिल (शेजारचे दोन सूर आलटूनपालटून भरभर वाजवणं) तिची मध्येच दमते, आणि भीतीचा भाग, जो पहिल्यापासून थोडा खरा होता, तो चार लोकांसमोर वाजवताना अजूनही डोकं वर काढतो. ट्रिलसाठी तिने स्वतःच घरच्या पहिल्या खेपेचं ध्वनिमुद्रण आणलं होतं आणि वहीत लिहिलं होतं: 'सहाव्या-सातव्या ठोक्यानंतर कोपर वर जातंय. का?' त्या दिवशीचा क्लास आम्ही तिथून सुरू केला.